सोनं गिळलेलं यंत्र

आमच्या घरात खेळाचं पहिलं यंत्र आलं, त्याच दिवशी त्याच्यावर आरोप झाला : हे टीव्हीची पिक्चर ट्यूब खातं. आरोप करणारे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. लातूरच्या बाजारात त्यांचं सरकी पेंडीचं आणि पशुखाद्याचं दुकान आहे, त्यामुळे कोण काय खातं आणि किती खातं याबाबतीत आपला शब्द शेवटचा, असं त्यांचं मत होतं आणि आहे. मामानं नांदेडहून आणलेला तो राखाडी डबा टीव्हीला जोडला की आप्पा अधूनमधून येऊन टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे, आजारी म्हशीला बघावं तसे. "लई तापलंय. बंद कर."

डब्यासोबत एक पिवळी कॅसेट होती. तिच्यावर छापलं होतं की आत हजारो खेळ आहेत. असतील पाचसहा. तेच पुढं पुन्हा यायचे, कुठं गाडीचा रंग बदलून, कुठं उडी थोडी उंच करून. बाकीच्या पोरांना हे दोन दिवसांत कळलं. मी मात्र शेवटच्या आकड्यापाशी नक्की काहीतरी वेगळं असणार या आशेनं सगळी उन्हाळ्याची सुट्टी एकेक आकडा तपासत बसलो. शेवटच्या आकड्यापाशी पहिलाच खेळ होता.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या बुडात फुंकर मारायची, हे तेव्हाच्या सगळ्या पोरांना उपजतच माहीत होतं. माझी फुंकर विशेष लागू पडते अशी गल्लीत ख्याती झाली. पोरं लांबून कॅसेटी घेऊन फुंकून घ्यायला यायची आणि मी दाढी नसलेल्या हकिमासारखा ओट्यावर बसून फुंकायचो. पुष्कळ वर्षांनी कुठंतरी वाचलं की फुंकरीनं काही होत नाही, उलट थुंकी उडून आतले पत्रे गंजतात. म्हणजे गल्लीतल्या झाडून सगळ्या कॅसेटी मीच मारल्या, आणि वर त्याबद्दल चिंचा घेतल्या.

पुढं आप्पांनी अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला. तो देवघराशेजारच्या खोलीत बसवला. चपला बाहेर काढून आत जायचं. आईनं त्याला गोंडे लावलेलं झाकण शिवलं. त्या पवित्र खोलीत बसून मी शत्रूचे सैनिक मारायचो आणि बाहेर पावलं वाजली की एक बटण दाबून दुकानाच्या मालाचे रकाने पडद्यावर आणायचो. एकदा घाईत आवाज बंद करायचा राहिला. पडद्यावर सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, आणि आतून माणूस जिवाच्या आकांतानं किंचाळतोय.

आप्पांनी दारातून विचारलं, "कोण मेलं?"

"बेरीज चुकली की असा आवाज करतंय, आप्पा."

"असं दुकानात पाहिजे," आप्पा म्हणाले आणि गेले.

बारावीनंतर कॉलेजच्या प्रवेशासाठी रेल्वेनं नांदेडला निघालो, तेव्हा पोचल्यावर फोन करायला म्हणून त्यांनी मला मोबाइल दिला. त्यात तो वाढत जाणारा साप होता. साप वाढत गेला, मी वाकत गेलो, आणि नांदेडचं स्टेशन येऊन गेलं. मान वर केली तेव्हा मुदखेड जंक्शनचा फलाट होता, आणि साप खाऊन खाऊन बॅटरी संपवून बसला होता. परतीची गाडी मिळून कॉलेजात पोचेपर्यंत बऱ्या शाखा भरल्या होत्या. मी कापडाचा इंजिनिअर कसा झालो असं लोक विचारतात, तेव्हा मी ओढ होती असं सांगतो. कापडाशी माझा त्यानंतर संबंध आला तो शर्ट घालण्यापुरता. कॉलेजची वर्षं मी नांदेडच्या एका सायबर कॅफेत काढली, तिथं एका ओळीत बसून आम्ही पोरं एकमेकांना गोळ्या घालायचो आणि मग एकत्र चहा प्यायचो. नंतर पुण्यात काही वर्षं नोकरी केली, आणि नोकरीनं मला सोडल्यावर लातूरला येऊन पेंड विकायला बसलो.

हा सगळा इतिहास अशासाठी सांगितला, की गेल्या वर्षी मी दुकानाच्या वरच्या खोलीत गेम झोन काढला तेव्हा तो काही आकाशातून पडला नव्हता. ती नादानी चांगली मुरलेली होती.

खोली आधी पेंडीचं गोदाम होती. मी तिला काळा रंग दिला, निळे दिवे लावले, सोफा टाकला, एसी बसवला, मोठा टीव्ही लावला. टीव्हीखाली नांदेडच्या ओळखीच्या मेकॅनिककडून घेतलेलं, डिस्कवर चालणारं यंत्र ठेवलं. काळं, चकचकीत, पुढच्या बाजूला डिस्क आत सरकवायची बारीक फट. सगळं अगदी मोठ्या शहरातल्यासारखं झालं, फक्त सरकीचा वास गेला नाही. एसी लावला की तो थंड व्हायचा एवढंच.

आप्पांनी वर येऊन निळ्या उजेडात चहूकडं बघितलं. "खोलीला कावीळ उलटी झाली," म्हणाले. मग अट घातली.

ही अट कळायला आमच्याकडचा दसरा कळायला पाहिजे. दसऱ्याला सकाळी दुकानात धंद्याच्या अवजारांची पूजा असते. काटा, वजनं, पोती ओढायचा आकडा, पोतं शिवायचा दाभण, दारात टेम्पो. या रांगेत काय बसणार ते आप्पा ठरवतात, आणि त्यांचा नियम एकच : ज्याच्यावर घरची भाकरी निघते तेच बसणार. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा त्यालासुद्धा लगेच जागा मिळाली नव्हती. एक दसरा त्यानं कपाटात काढला. माझ्या पदवीला तर अजून कुणी बोलावलेलं नाही.

"दसऱ्यापर्यंत बघू," आप्पा म्हणाले. "तुझं डबडं रांगेत बसण्याजोगं झालं तर खोली तुझी. न्हाईतर अभ्यासिकावाला रोज चकरा मारायलाय, त्याला देऊन टाकू."

लातुरात अभ्यासिका म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. क्लासेसची पोरं क्लास सुटल्यावर जिथं पुन्हा अभ्यासाला बसतात, ती जागा. आमच्या भागात जिन्याच्या वर जे काही आहे ते अभ्यासिका आहे. अशा गावात मी पोरांना खेळायला बोलवत होतो. वाळवंटात छत्र्या विकणारा माणूस माझ्यापेक्षा शहाणा, त्याला निदान उन्हाचा तरी आधार.

त्यातून पोरांच्या मागोमाग गावाकडून त्यांच्या आया येऊन खोल्या करून राहिलेल्या. त्यांचा एक जथा पहिल्याच आठवड्यात जिना चढून आला. पुढं असलेल्या बाईंनी पदर खोचला होता.

"इथं काय शिकवता सर?"

सर म्हटल्यावर माझा तोल गेला. "हात आणि डोळ्यांचा ताळमेळ," मी म्हणालो.

"पेपरला येतं का?"

"डायरेक्ट येत नाही..."

"मग ऑप्शनला टाकलं आम्ही," बाई म्हणाल्या, आणि सोफ्यावर आधीच बसलेल्या स्वतःच्या पोराला कॉलर धरून खाली घेऊन गेल्या.

पहिले काही महिने माझं एकमेव नियमित गिऱ्हाईक म्हणजे रेणापूरचे एक शेतकरी काका. त्यांची पोती टेम्पोत भरेपर्यंत ते एसीत येऊन बसायचे. एकदा मी त्यांना माझ्या संघात घेऊन यंत्राविरुद्ध फुटबॉल लावला.

"यातला मी कोणता?"

"हा, डोक्यावर लाल बाण असलेला."

काका घाम फुटेपर्यंत बटणं दाबत राहिले. मग म्हणाले, "मी इकडं दाबायलो अन् हा तिकडं का पळायला? अगदी आमच्या बैलासारखं करायलाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना मी दाखवलेला खेळाडू माझा होता. पाऊण तास ते माझ्या माणसाकडं बघून बटणं दाबत होते आणि मी त्यांच्या. आणि दोघंही हरलो होतो, यंत्राकडून.

दसरा जवळ आला तसा माझा जीव टांगणीला लागला. तेव्हा मला आयुष्यातली एक बरी कल्पना सुचली. दसऱ्याला क्लासेसना सुट्टी असते. त्या दुपारी फुटबॉलची स्पर्धा ठेवायची. मी पोरांमध्ये बातमी सोडली आणि काय सांगू, पोरं नावं द्यायला दुकानात यायला लागली. जिन्यात नाही, दुकानात, पेंडीच्या काट्यासमोर, आप्पांच्या डोळ्यांदेखत. दोनचार दिवस आप्पा चष्म्यावरून नुसते बघत होते. नवमीच्या संध्याकाळी गल्ला बंद करताना म्हणाले, "उद्या तुझं डबडं खाली आण. धुऊन आण म्हणणार होतो, पण ते धूत नसतील."

"नाही, नाही! पुसून आणतो."

मी ते रात्री तीनदा पुसलं.

सकाळी रांग मांडली. काटा, वजनं, आकडा, दाभण आणि शेवटी माझं यंत्र, खाली लाल कापड. नुसता काळा डबा मेल्यासारखा दिसेल म्हणून मी लांबून वायर ओढून ते चालू करून ठेवलं होतं. कपाळाशी निळी रेघ चमकत होती. ही माझी हौस नडणार होती, पण त्या वेळी मी त्या रेघेकडे बघून स्वतःवर खूश होतो.

आप्पा सोवळं नेसून आले. आमच्यात शिवाची भक्ती, त्यामुळे विभूती आलीच. त्यांनी ती पाण्यात कालवून तीन बोटांनी काट्यावर ओढली, वजनांवर ओढली, आणि माझ्या यंत्रापाशी येऊन थबकले.

"कपाळ कुठलं याचं?"

"हे वरचं झाकण, आप्पा."

झाकणाला हवा जायच्या जाळ्या असतात, हे मी बोललो नाही. तीन पट्टे उमटले. वरून कोरड्या विभूतीची चिमूट पडली. अक्षता पडल्या. मग आप्पांनी आपट्याचं पान घेतलं, दसऱ्याचं सोनं. काट्याच्या पारड्यात एक ठेवलं, आकड्याला एक अडकवलं. यंत्राशी पुन्हा वाकून बघितलं.

"आन हे बारीक? हे तोंड का रं?"

आता खरं म्हणजे सांगायचं होतं की ती डिस्कची फट आहे, तिच्यात दुसरं काही घालायचं नाही. माझी बायको आईच्या मागं उभी होती, तिनं डोळे मोठे केले. मी म्हणालो, "तोंडच म्हणायचं की."

आप्पांनी पानाचं टोक फटीला लावलं. आत चाकं असतात, डिस्क ओढून घेणारी. यंत्र घुर्र करून जागं झालं आणि आप्पांच्या बोटांतून पान ओढून गिळलं.

आप्पा स्वतःच्या रिकाम्या बोटांकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी पहिल्या वर्गात पास झालो असतो (झालो नाही), तरी उजळला नसता.

"घेतलं! अगं, बघितलंस का? घेतलं की यानं!"

एवढ्या वर्षांत काट्यानं कधी काही घेतलं नव्हतं. आकड्यानं घेतलं नव्हतं. टेम्पोला तर आख्खा नारळ फोडून दिला तरी तो ढिम्म.

"मला देऊ द्या," आई पुढं झाली. तिचं पान घेताना यंत्र जरा अडलं.

"रेटू नको गं. प्रेमानं दे," आप्पा म्हणाले. आता ते त्या यंत्राचे जाणकार झाले होते. "हां. बघ. घास घ्यावा तसं घेतं."

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, सांगा की. मोडेल ना ते."

"थांब गं जरा."

"काय थांब? तुम्ही इंजिनिअर ना?"

"कापडाचा आहे."

आप्पा सगळ्यांना बोलावून दाखवत होते, शेजारच्या दुकानदाराला, हमालाला. "पोरानं वर चालू केलंय. जिवंत यंत्र हाय." पोरानं. त्यांच्या तोंडून माझ्या एखाद्या उद्योगाबरोबर हा शब्द यापूर्वी फक्त डोकं धरून निघालेला. मी पाटावर बसलो होतो, हातात पान होतं, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. काय करणार? मीही एक पान दिलं. यंत्रानं तेही घेतलं, पण आवाज आता पोटात कळ उठल्यासारखा येत होता.

दुपारी खोली पोरांनी भरली. सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर, जमिनीवर, जिन्यात. मी डिस्क आत सरकवली. घुर्र, खर्र, कुर्र, आणि डिस्क बाहेर. पुन्हा सरकवली. पुन्हा बाहेर. यंत्राला आता अन्नावरची वासनाच उरली नव्हती.

"काय झालं सर?"

"अपडेट होतंय," मी म्हणालो.

हा शब्द आमच्या पिढीला सापडलेलं सगळ्यात मोठं सोनं आहे. काहीही बंद पडलं तरी माणूस मान ताठ ठेवून म्हणू शकतो. पोरं तासभर थांबली. मग एकेक करून, सोनं घ्या सर, सोनं घ्या सर करत माझ्या हातावर पानं ठेवून निघून गेली. मी खिडकीतून खाली वाकलो तर आप्पा पेंडीच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "वर अपडेट चाललंय. मोठं काम असतं ते." गिऱ्हाईक मान हलवत होतं.

अपडेट चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी आप्पा नाष्ट्याला म्हणाले, "टेम्पोचं इंजिन एवढ्यात दोनदा उतरून चढलं असतं. ज्याच्याकडून आणलंस त्याच्याकडं ने. मी येतो संग."

"तुम्ही कशाला? उगीच बसचा धक्का..."

"काटा बिघडला की मी जात न्हाई का? रांगेत बसलेलं यंत्र हाय ते."

झालं. आता मला काळजी यंत्राची राहिली नव्हती. ते उघडल्यावर आतून काय निघणार हे मला माहीत होतं, आणि ते आप्पांसमोर निघणार होतं. आपण दिलेल्या सोन्यानंच हे मेलं, हे कळल्यावर त्यांचं तोंड कसं होईल, आणि त्यानंतर माझं. मी गच्चीवर जाऊन नांदेडच्या मेकॅनिकला फोन केला. कॉलेजपासूनचा दोस्त, आमच्या ओळीत बसून गोळ्या घालणारा. म्हटलं, वडील येत आहेत, आत काहीही निघालं तरी हूं का चूं करू नकोस. म्हणायचं, पार्ट गेला.

"हौ भाई," तो म्हणाला. "टेन्शन नक्को. मैं कुछ बोलताच नै."

एसटीत यंत्र आप्पांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. अहमदपूरला एका बाईंनी विचारलं, डब्यात काय आहे? आप्पा म्हणाले, "आजारी हाय."

मेकॅनिकचं दुकान म्हणजे खेळाच्या यंत्रांचं म्हातारपण. फळीवर दोन पिढ्यांचे डबे एकमेकांवर टेकून बसलेले, कुणाच्या वायरी लोंबतायत, कुणाचं झाकण नाही. त्यानं आप्पांना स्टूल दिलं, चहा सांगितला, मला डोळा मारला, आणि झाकण काढलं. मग चिमटा आत घातला, आणि त्याचा सगळा निश्चय तिथंच संपला.

"अरे बाप रे! भाई, गेम खेलने को बोला था मैं, तुम तो झाड लगा दिये इसमें!"

चिमट्यात आपट्याचं पान होतं. मग दुसरं. मग तिसरं, चाकानं चिरडलेलं. मग तांदूळ, एकेक, कुंकवानं लाल झालेले. "ऐनक पे राख ही राख," तो आतलं भिंग दाखवत म्हणाला. "कौन खिलाया इसको?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो.

"हे तर सोनं हाय," आप्पा हळूच म्हणाले.

"सोना? काका, सोना रहता तो मैं शटर गिरा के घर जाता ना."

आप्पांनी ती पानं चिमट्यातून घेतली, तळहातावर ठेवली. "ते तोंड न्हाई का रं त्याचं?"

"तोंडच आहे, आप्पा. पण ते फक्त डिस्क घेतं."

"हे तुला तवा माहीत होतं?"

"होतं."

"मग गप का बसलास?"

याला माझ्याकडं एक उत्तर होतं आणि ते द्यायची लाज वाटत होती. मेकॅनिक चहाचा ग्लास हातात धरून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता.

"तुम्ही खूश होता," मी म्हणालो.

आप्पांनी पानं रुमालात बांधली. रुमाल खिशात ठेवला.

"गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, म्हशीला मूठभर युरिया चारतो, दूध वाढंल. आन लई खुशीत दिसायलंय म्हणून मी म्हणालो, चारा की. चालंल का?"

"न्हाई."

"म्हैस मरंल का?"

"मरेल."

"मग दुकान कशाला काढलास तू?" ते उठले. "खोली अभ्यासिकावाल्याला देतो."

मेकॅनिकनं यंत्र ठेवून घेतलं. भिंग बदलता येईल पण चाकांचा भरवसा नाही, म्हणाला. स्टँडवर लातूरची गाडी लागलेली होती. येताना यंत्रानं भरलेली आप्पांची मांडी आता मोकळी होती आणि त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. लोहा येईपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग बाहेरच बघत म्हणाले, "ती डिस्क असती तरी काय?"

मी सांगायला लागलो. आधी वाटलं दोन वाक्यांत उरकावं, पण ते प्रश्न विचारत गेले. मालाची चौकशी करताना विचारतात तसे, तुटक. पूर्वी खेळ कॅसेटीत असायचा, कॅसेट खाचेत बसायची. मग तो चकतीवर आला, चकती फिरते, भिंगातून उजेड पडतो, तो वाचतो. म्हणून धूळ चालत नाही, राख चालत नाही. वर जाळ्या हवेसाठी असतात, तिथं ओलं बोट चालत नाही.

"मी ओढली विभूती तिथं."

"हो."

"तवाबी गप."

"तवाबी."

"आन आता? अजून चकत्याच येतात का?"

"नवीन यंत्रांना चकतीसुद्धा लागत नाही. खेळ इंटरनेटवरून थेट आत उतरतो."

"म्हणजे फट?"

"फटच नाही. सगळीकडून बंद."

आप्पा माझ्याकडं वळले. "नीट सांग. तोंडच न्हाई?"

"न्हाई. काही चारायचं म्हटलं तरी चारता येत नाही."

पुढच्या सीटवरचा माणूस डुलक्या घेत होता, त्याचं डोकं दांडीवर आपटलं, तो सावरला, पुन्हा डुलायला लागला.

"मग पूजेला सोनं वाहायचं कुठं?"

"वर, झाकणावर. पण एकच पान. अक्षता नको. विभूती..." मी थांबलो. दसऱ्याच्या सकाळचा त्यांचा चेहरा आठवला. "विभूतीही नको, आप्पा. ओली नको, कोरडीही नको. शेजारी पाटावर लावा. आणि पूजेच्या वेळी मी ते बंद ठेवणार."

म्हटलं, आता उतरवतात मला लोह्याच्या पुढं रानात.

"बरं," आप्पा म्हणाले. "पाटावर लावतो." आणि मग, "चालंल का हे लातुरात? खरं सांग."

"माहीत नाही."

"मला पेंडीचंबी माहीत नसतं," ते म्हणाले. "अभ्यासिकावाल्याला सांगतो दिवाळीनंतर ये म्हणून. तवर तू ते बिनतोंडाचं बघ."

मला एवढा आनंद झाला की मी तिथंच फोन काढला, बिनतोंडाच्या यंत्राची किंमत शोधली आणि एक रुपयाही कमी न करता ती त्यांना वाचून दाखवली.

आप्पा पुढं अहमदपूरपर्यंत बोटांची पेरं मोजत राहिले. स्टँडवर गाडी थांबली, ते खाली उतरले, दोन चहा सांगितले, एक माझ्या हातात दिला.

"आता किंमत परत सांग," म्हणाले. "हळू सांग."